तूट

पहाटे साडेतीनला हर्णैची गाडी गणेश पेठेत लागते.
फाळका पडतो,
आणि वितळलेलं पाणी आधी उतरतं
आमच्या चपलांवर.

मी पट्टी लिहितो. सव्वीस वर्षं.
बांगडा, पापलेट, सुरमई, मांदेली.
बोटांना गार लागायचं कधीच थांबलं,
अक्षर तेवढं अजून सरळ येतं.

आज अकराव्या क्रेटात,
बर्फाखाली, बांगड्यांच्या थरात
काहीतरी पांढरं.
"बगळा आलाय शेठ," तौफिक हमाल हसला,
"काय भाव लावू?"

बगळा नव्हता.
नारिंगी चोच. काळी टोपी मागे विस्कटलेली,
भांग न पाडताच शाळेला पळालेल्या पोरासारखी.
पंख इतके लांब
की क्रेटाच्या मापात बसेनात,
म्हणून कुणीतरी मोडून बसवलेले.
मानेत नायलॉनचा धागा,
डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो.
चोचीत तारली,
अर्धी आत, अर्धी बाहेर.

तौफिकनं सवयीनं काट्यावर टाकला.
दोनशे दहा ग्रॅम.
मी म्हटलं, तारली काढून परत कर.
का म्हटलं, मला विचारू नका.
एकशे ऐंशी.

ड्रायव्हर हरेश्वर पावसे, पाजपंढरीचा,
चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बोलला:
"सुरय आहे हा.
माझा बा याच्याकडे बघून सुकाणू फिरवायचा.
हे जिथं सूर मारतात
तिथं खाली मासळी उकळत असते.
बा पहिली मूठ यांच्याकडे उडवायचा,
वाटाड्याची मजुरी म्हणून.
आता काचेवर ठिपके दिसतात.
रात्री पाण्यात दिवे सोडतात,
खाली दुपार होते, सगळं वर येतं,
मग जाळं आवळायचं तळातून,
पिशवीची नाडी ओढतात तसं.
तांबडं फुटताना जाळं वर येतं
आणि हे उतरतात. भूक लागते ना.
त्यात कोण बघतंय?"

ग्लास ठेवला, हात पँटला पुसले.
"मी काय, नुसती गाडी चालवतो."

मीही नुसती पट्टी लिहितो.
यल्लूबाई नुसती खवलं काढते.
आणि रविवारी पिशव्या घेऊन
कोथरूड, वानवडी, सॅलिसबरी पार्क
नुसते जेवायला बसतात.

पट्टीला तीन रकाने: आवक, विक्री, तूट.
तूट म्हणजे बर्फ गळून, डोकं कापून, मांजरानं पळवून
जे कमी भरतं ते.
क्रेटामागे दोन टक्के. ठरलेली.
तिच्यावरून आजवर कुणी भांडलं नाही.

पेन मी तिथंच टेकवलं.
काय लिहू?
एकशे ऐंशी ग्रॅम?
की कुठल्याशा खडकावर
संध्याकाळी उतरलेल्या थव्यात
एका पक्ष्याएवढी फट,
जी शेजारचे दोघे
जरा सरकून
भरून काढतात?

"लिही की! लिलाव थांबलाय तुझ्यासाठी."

लिहिलं:
बांगडा, क्रेट अकरा. तूट नेहमीप्रमाणे.

यल्लूबाईनं तो कालच्या पेपरात गुंडाळला,
पत्र्यावर ठेवला, हात धुतला.
उजाडताना नागझरीच्या अंगानं घारी येतात
आतडी उचलायला.
एकीनं पेपर फाडला आणि त्याला घेऊन उठली.

क्षणभर तो पुन्हा हवेत होता.
मोडलेले पंख दोन्हीकडे सुटलेले,
पूर्ण मापाचे,
दुल्या मारुतीच्या चौकावर,
घाटाच्या या बाजूला,
जिथं त्यानं दाखवावं असं
खाली काहीच पोहत नव्हतं.

पेपर माझ्या पायाशी आला, ओला.

तारली ताजीच होती.
टोपलीत टाकली, विकली गेली.
तीस ग्रॅम.
तिची नोंद आहे.